सोयाबीनमध्ये उमटलेल्या गल्ल्या

माझा बा मुंबईकडे, बोळिंजला आमच्याकडे राहायला आला, तेव्हा चप्पल काढायच्या आधी त्याने दारातली फरशी काठीने ठोकली. कान जरा खाली नेला. मग पुढची फरशी ठोकली. असं करत तो स्वयंपाकघरापर्यंत गेला आणि ओट्याजवळ थांबला. तिथली फरशी वेगळी वाजली. त्याने पुन्हा ठोकून खात्री केली आणि डब्यातली चिमूटभर कणीक घेऊन तिच्यावर फुली मारली.

"इथं उभी राहू नको, माय."

"बा, इथं नाही उभी राहिली तं सैपाक कोठून करू?"

"बाजूनं कर."

संध्याकाळी हे कामावरून आले आणि फुली बघून हसले. "मामाजी, बिल्डरने खाली सिमेंट कमी टाकलंय. दुसरं काही नाही."

"कमी टाकलं म्हणजे पोकळच झालं ना, जवाईबुवा."

हे हसतच हातपाय धुवायला गेले. मी मात्र दुसऱ्या दिवसापासून बाजूला उभी राहून पोळ्या लाटू लागले.

बाने सारी उमर कोळशाच्या खाणीत हेच काम केलं होतं. माझं माहेर वणीच्या बाजूला आहे. तिथे खाणीला खदान म्हणतात. कामाची पाळी सुरू झाली की सगळ्यांच्या आधी बा आत जायचा आणि लोखंडी काठीने डोक्यावरचं छत ठोकत पुढे सरकायचा. छत टणटण वाजलं तर माणसं आत यायची. भदभद वाजलं तर बा तिथे चुन्याने फुली मारायचा, आणि टेकू लागेपर्यंत तिकडे कोणी फिरकायचं नाही.

आमच्या शेताचा एक तुकडा खाणीसाठी गेला आणि त्याच्या बदल्यात बाला ही नोकरी लागली. उरलेलं शेत आमच्याकडे राहिलं, म्हणजे वरची माती राहिली. खालचा कोळसा आमचा नव्हता. बा गावाबाहेरच्या खाणीच्या तोंडातून जमिनीत उतरायचा आणि आतल्या आत चालत परत आमच्याच शेताखाली यायचा. हे त्याला कळलं एका मोजणीवाल्यामुळे. तो माणूस आत नकाशा घेऊन आला होता. बाने सहज विचारलं, "साहेब, आपल्या वर काय हाये?" तो म्हणाला, "नकाशात विहीर दिसते." ती आमची विहीर होती. तिथून बाने मनातल्या मनात सगळं जुळवलं. कोणती गल्ली बाभळीखालून जाते, कोणती धुऱ्याखालून, म्हणजे बांधाखालून, ते त्याला पाठ झालं.

गल्ली म्हणजे कोळसा काढून झालेला बोगदा. दोन गल्ल्यांच्या मधे कोळशाचा मोठा चौकोनी ठोकळा तसाच ठेवायचे. त्याला सगळे पिल्लर म्हणायचे. त्या पिल्लरांवर वरची जमीन उभी असायची. आमचं शेत, आमची विहीर, आमचे बैल, सगळं त्यांच्यावर उभं होतं.

सकाळी बा निघाला की आई त्याला विचारायची, "आज कोठी हा तुम्ही?"

"बाभळीखाली," तो सांगायचा. नाहीतर "विहिरीच्या अलीकडं" किंवा "तुरीच्या पट्ट्यात."

मग त्या दिवशी आई त्या तुकड्यात निंदायला, तण काढायला जायची नाही. "नवऱ्याच्या डोक्यावर पाय कसा देऊ?" असं ती म्हणायची. सोबतच्या बाया तिची चेष्टा करायच्या. एक तर ओरडून सांगायची, "वो बाई, जरा सरकून चाल, तुया नवरा शिंकला खाली!" आई म्हणायची, "तू जाऊन नाच तुयाच नवऱ्याच्या डोक्यावर." पण त्या हसणाऱ्या बायांचे नवरेही खाली होते, आणि हळूहळू त्याही विचारून पाय ठेवू लागल्या. आमच्या शेतात म्हणून गवत कधी सारखं वाढलं नाही. बा ज्या तुकड्याखाली जास्त दिवस राहिला, तिथे ते गुडघ्याला लागायचं. मी लहान असताना त्या गवताच्या कडेला उभी राहायची. वारा नसला तरी तिथे आपल्यापेक्षा खाली कोणीतरी आहे असं वाटायचं, आणि खरंच कोणीतरी होतं.

मग नासधूस सुरू झाली. आधी विहीर गेली. एका सकाळी आईने बादली सोडली आणि ती पाण्याला लागलीच नाही. दोर संपला, तरी बादली लोंबत राहिली. आईने वाकून पाहिलं तर आतून गार वारा वर येत होता आणि तिच्या कपाळावरचे केस उडत होते. बा कामावरून आल्यावर म्हणाला, "पाणी खाली आलं. आमच्या घोट्याएवढं."

त्यानंतर शेताला भेगा पडल्या. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतातच, पण त्या पावसाने मिटतात. ह्या मिटल्या नाहीत. पाऊस पडायचा आणि पाणी उभं राहायच्या आधीच खाली ओढलं जायचं, कोणी गटगट पितंय असा आवाज करत. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं बी उगवायचं, दोन पानं काढायचं आणि थांबायचं. मी एकदा असं एक रोप उपटलं. मूळ हातभर लांब होतं, पांढरं, उंदराच्या शेपटीसारखं, आणि त्याला मातीचा कण नव्हता. ते भेगेत नुसतं लोंबकळत होतं. तुरीला शेंगा लागायच्या, हातात घेतल्या की चपट्या. हिवाळ्यात सकाळी भेगांमधून वाफ निघायची. बैल तिथपर्यंत यायचे आणि थांबायचे. मारलं तरी पुढे पाय टाकायचे नाहीत.

पुढे नाल्यापलीकडे उघडी खाण झाली. तिथली खोदलेली माती त्यांनी आमच्या शेताच्या अंगाला आणून टाकली आणि तिचा डोंगर झाला. पावसात तो डोंगर वाहून आमच्या शेताच्या वरच्या तुकड्यात यायचा. राखेच्या रंगाचा चिखल. वाळला की पापडासारखा व्हायचा आणि वखर त्याच्यावरून घसरायचा. त्याच्याखाली आमची काळी माती होती, पण ती पुन्हा वर आली नाही. नाल्याचं पाणी गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचं झालं. कापूस वेचताना बोटं काळी व्हायची आणि बोटांनी कापूस काळा व्हायचा. पाचवीच्या शाळेला जायचा रस्ता त्याच सुमारास खचला, म्हणून माझी शाळा चौथीत संपली.

एवढं होऊनही बा पेरत राहिला. आई गेली तरी पेरत राहिला. शेवटी एका बैलाचा पाय भेगेत गेला आणि मोडला. तेव्हा हे जाऊन बाला घेऊन आले. शेत बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने, एका जोडप्याला दिलं. ते दोघं विहिरीजवळ झोपडी घालून राहू लागले, कारण रानडुकरं पीक ठेवत नाहीत. गावातल्या घराला बाने कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली. "पुढच्या पेरणीले येतो," असं तो सगळ्यांना सांगून आला होता.

बोळिंजला त्याला करमेना. दुपारी मी आडवी झाले की ठोकणं सुरू व्हायचं. एकदा खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्या मालवणच्या आहेत, स्पष्ट बोलतात.

"गो, तुमच्याकडे रोज दुपारी कसलं कांडण चालतं? लग्नाबिग्नाच्या हळकुंडांचं का?"

मी सांगायच्या आधी बाच पुढे झाला. "तुमच्या खाली कोण रायते?"

"खाली? खाली कोण असणार? गाड्या लावतात."

"म्हणजे मोकळंच."

"मोकळंच तर. पार्किंग ना ते."

"पिल्लर हायेत?"

"असतील की हो! नाहीतर आपण सगळे कुठे असतो?" काकू मोठ्याने हसल्या, पण बा हसला नाही. तो तसाच जिना उतरून गेला. मी गॅलरीतून पाहिलं तर वॉचमन खुर्चीवरून उठून त्याच्या मागे मागे चालला होता, आणि बा एकेका पिल्लरला काठी मारून कान लावत होता. वर आल्यावर म्हणाला, "ठीक हायेत. एकाले पोचा हाये, पण तो गाडीचा."

काकू नंतर मला जिन्यात हळूच म्हणाल्या, "रात्री मला झोप लागली नाही गो. सारखं वाटत होतं, खाली पोकळ आहे."

एका रविवारी ह्यांनी बाचं मन रमावं म्हणून त्याला चांदीप गावाला नेलं. मीही गेले. ह्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एकाच्या आईची तिथे भातशेती आहे. श्रावण होता. खाचरांत पाणी भरलेलं होतं आणि त्यात भात उभा होता. बा बांधावर थांबला तो हलेना.

"हे पाणी कवाचं हाये?" त्याने विचारलं.

म्हातारी कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "कवाचा म्हंजे? पाऊस सुरू झाला तवापासूनचा."

"खाली जात नाही?"

"खाली कशाला जाईल? पानी नाय ऱ्हायला तर भात कसा होयाचा?"

बाने काठी पाण्यात उभी धरली आणि पाणी काठीवर कुठपर्यंत आलंय ते बघत बसला. पाणी तिथेच होतं. बराच वेळ बसून त्याने विचारलं, "याच्याखाली काय हाये?"

"माती. आनखीन काय असनार?"

"अन् तिच्याखाली?"

"अरे बाबा, आमच्या बापानं पन इतका खाली नाय बघितला!" म्हातारी ह्यांच्याकडे वळून म्हणाली, "सासरा तुमचा पानबुड्या होता का?"

सगळे हसले. तिने बाला खाचरात उतरून बघा म्हणून आग्रह केला. त्याने चप्पल काढली, एक पाय पाण्याच्या वर धरला आणि परत बांधावर ठेवला. परतीच्या वाटेवर रिक्षात तो माझ्या कानाशी म्हणाला, "असं पाणी उभं पाहून मले भेव वाटते वो. वाटते आता गेलं, आता गेलं."

भाद्रपदात पावसाने तिकडे दडी मारली. ऊन तापलं. एक दिवस आमच्या बटईदाराने माझ्या मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. त्याची शेळी त्या मातीच्या डोंगरावर चढली होती. तिला शोधायला तो वर गेला आणि वरून आमचं सोयाबीन दिसलं, म्हणून त्याने ते काढलं होतं. मागून त्याचा आवाज येत होता. "ताई, आबाजीले दाखवा. मधामधात खत कमी पडलं वाटते."

मला आधी काही कळलंच नाही. वाटलं, कोणी चौकड्याचं लुगडं वाळत घातलंय. मग कळलं ते. हिरवे चौकोन होते, सगळे एका मापाचे, आणि त्यांच्या मधून पिवळ्या वाटा गेल्या होत्या. सरळ, एकमेकींना छेदणाऱ्या. असं आमच्याकडे कोणी पेरत नाही. मी मोबाइल बाच्या हातात दिला.

त्याने तो डोळ्यांजवळ धरला. मग त्याने एका पिवळ्या वाटेवर बोट ठेवलं.

"इथून आम्ही आत येवो," तो म्हणाला. बोट पुढे सरकलं. "हा मोठा रस्ता. इथून गाडे जात. इथं वळलं की अंगावर पाणी गळे." बोट वळलं. "इथं डबा खावो."

तो पीक बघतच नव्हता. तो खाली चालत होता. पिल्लरवरच्या मातीने ओल धरली होती, तिथलं सोयाबीन हिरवं राहिलं होतं. गल्लीवरच्या मातीने ओल खाली सोडली, तिथलं पिवळं पडलं. इतकी वर्षं जे फक्त बाच्या डोक्यात होतं, ते उन्हाने वर आणलं होतं.

बोट झोपडीपाशी आलं आणि थांबलं.

"इथं पिल्लर हाये," बा म्हणाला.

"कोठी?"

"तेच तं. दिसत नाही."

झोपडीच्या आणि विहिरीच्या भोवती चौकोन नव्हते. तिथे सगळ्या वाटा एकमेकींत मिसळून एकच मोठा पिवळा डाग झाला होता, आणि त्याच्या मधोमध ती झोपडी होती.

"कोळशासाठी विहिरीखालचा पिल्लर काढाचा नाही, असं ठरलं होतं. मी होतो तोवर नाही काढला." छाती बिघडल्यावर बाला वरचं काम दिलं होतं. खाण बंद झाली त्याआधीची शेवटची काही वर्षं तो खाली उतरलाच नव्हता.

"मंग कोणी काढला?"

"कोणी का काढो. नाही हाये."

हे म्हणाले, "मामाजी, झोपडीभोवती माणसं वावरतात, शेळ्या बांधतात. पायांखाली पीक राहत नाही. तसंही असेल."

"असन," बा लगेच म्हणाला. "तसंही असन. पण मी तिथं निजलो नसतो."

ह्यांनीच फोन लावला. बटईदार हसायला लागला. "आबाजी, तुम्ही मुंबईकडं गेले अन् तिथून आमच्या खाटेखाली पाहता का?" बाने त्याला समजावलं. तो ऐकून घेत होता, पण शेवटी म्हणाला, "सोयाबीन निघू द्या. झोपडी सोडली तं डुकरं एका दिवसात फडशा पाडतीन. अन् जाऊ कोठी? गावात खोली रिकामी नाही, साऱ्या खोल्या ट्रकवाल्यांनी भरल्या. एक महिना तं हाये."

त्याचंही खोटं नव्हतं. बा त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर त्याने पिशवीत धोतर, पंचा भरून ठेवला होता.

"मी जातो. मी निजतो झोपडीत, डुकरं हाकलतो. त्या दोघांले आपल्या घरात पाठवतो. तसंही पेरणीले जायचंच होतं मले."

"अन् तुया खाली काय हाये तिथं?"

"मले आवाज समजते," तो म्हणाला. "त्यांले नाही समजत."

हे त्याला उद्या-परवा करत थांबवत होते. पण बा एकटाही गाडीत बसला असता, हे मला माहीत होतं. दुपारी त्याचा डोळा लागला तेव्हा मी मोबाइल घेऊन गॅलरीत गेले. फोनवर मी बोलत नाही, हेच बोलतात. घरातही माझं बोलणं थोडं असतं. बटईदाराला फोन लावला, कट करायला बोट तयार ठेवलं आणि मनात म्हणत होते, त्याने उचलू नये. त्याच्या बायकोने उचलला.

काय बोलायचं ते ठरवलं होतं, ते सगळं गेलं. मी एवढंच विचारलं, "बाई, तुले तिथं कसं वाटते?"

ती बाजूला सरकल्याचा आवाज आला. मग हळू आवाजात म्हणाली, "ताई, चुलीचा धूर वर जात नाही."

"मंग?"

"खाली जाते. चुलीच्या मागं बोटभर भेग हाये. धूर वाकते अन् तिच्यात जाते. मी यांले नाही सांगितलं. हसतीन." मग म्हणाली, "पोराची आंघोळ घातली की पाणीबी तिकडंच जाते. मी तिथं पाटा ठेवला."

तिचं पोर तान्हं आहे. मला ते तोवर माहीतच नव्हतं.

मी म्हणाले, "आमच्या घरी जा. गावातल्या. आज जा."

"किल्ली?"

किल्ली बाच्या करगोट्याला होती. तो आत निजला होता आणि त्याचा हात तिच्यावर होता. "कुलूप तोड," मी म्हणाले.

"आबाजी काय म्हणतीन?"

"मी सांगतो त्याले. तू तोड."

"अन् डुकरं?"

"आमच्या वाट्याचं खाल्लं समज."

बा उठल्यावर मी चहा दिला आणि सांगून टाकलं. त्या घरात आईची फणी अजून कोनाड्यात आहे. तिने सारवलेली चूल आहे. बाने तिथे दुसरं कोणी राहू दिलं नव्हतं. तो कपातून बशीत चहा ओतत होता, तो थांबला. मला वाटलं, आता बोलेल. पण तो चहा प्यायला आणि म्हणाला, "दोन घावांत नाही तुटाचं ते. कडीच उचकटा म्हणा." मग आत जाऊन त्याने पिशवीतलं धोतर काढून दोरीवर टाकलं. त्या तान्ह्या लेकराला घराबाहेर काढून पेरणीला परत जाणं त्याच्याने होणार नाही, हे त्याने तेव्हाच ओळखलं असावं.

ते दोघं पोराला घेऊन गावात गेले. डुकरांनी अर्धं सोयाबीन संपवलं. नवरा बायकोला बोल लावत राहिला. गावात हसू झालं, की म्हाताऱ्याने मोबाइलमधे भूत पाहिलं आणि घर देऊन बसला. कारण झोपडी काही पडली नाही. ती उभीच आहे. बाला कोणी हे सांगितलं की तो म्हणतो, "बरं हाये. उभी राहो."

परवा बटईदाराच्या बायकोचा फोन आला. ती कडबा आणायला दिवसाउजेडी झोपडीत गेली होती. शेळ्यांसाठी तिने घमेल्यात पाणी ओतलं आणि ते खाली ठेवलं. पाणी एका काठाला लागलं आणि दुसऱ्या बाजूला घमेल्याचा तळ उघडा पडला. तिला वाटलं, खाली खडा आला असेल. तिने घमेलं उचलून दुसरीकडे ठेवलं. तिथेही तसंच. दारात ठेवलं, तरी तसंच. मग तिने घमेलं तिथेच टाकलं आणि कडबा न घेता बाहेर आली.

बाने माझ्या हातातून मोबाइल घेतला. "पाणी कोण्या बाजूले गेलं?"

"विहिरीच्या."

"हं," बा म्हणाला.

घमेलं अजून झोपडीतच आहे. तिने नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो हसला, आणायला निघालाही. वाटेतल्या नाल्यापर्यंत गेला आणि तिथूनच परत आला.